मूठ नंतर बघू, आधी बोट चापावर नीट बसतंय का ते पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. झवेरी बाजारात पेढी, राहायला मुलुंड, शस्त्राचं लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि पहिलंच रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. हवं आहे ते लहानात लहान, हलक्यात हलकं. दुकानात ‘निर्भीक’ धरून पाहिलंत तर करंगळी खाली लोंबकळत राहिली आणि पकड भरल्यासारखी वाटली नाही. तेव्हा हेच घेऊन लगेच परदेशातून रबरी मूठ मागवून बसवली तर चालेल का, आणि त्यात कायद्याची काही भानगड आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी परवानाधारक दुकानाच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीचं काम केलं आणि नवख्या लायसन्सधारकांना रेंजवर उभंही केलं. त्या अनुभवावरून सांगतो, मूठ बदलायला येणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण मुठीची नसतेच. शस्त्र हाताला जमत नसतं, आणि ती चूक मुठीवर ढकलली जाते. मुठीनं काही गोष्टी नक्की सुधारतात. पण जड चाप हलका होत नाही, हलक्या शस्त्राला वजन येत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत त्याच्या उलट्या क्रमानं उत्तर देतो: आधी शस्त्र, मग गोळ्या झाडून बघणं, आणि मूठ सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमचा हात मी पाहिलेला नाही. पंजा केवढा, मनगटाला जुनं दुखणं आहे का, शस्त्र कमरेला लावणार की पेढीच्या तिजोरीतच राहणार, यावर पुढचं निम्मं उत्तर बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं सांगत जाईन.

बाजारात आहे काय, ते पटकन बघू. सामान्य नागरिकाच्या लायसन्सवर प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं प्रतिबंधित माप, मिळत नाही. नऊ मिलीमीटर, .३८ वगैरे त्यामुळे बाद. छोट्या शस्त्रांत उरतं ते मुख्यतः .३२ आणि .२२. .३२ चं रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरचा माल. पूर्वी आयुध निर्माणी म्हणायचो, २०२१ मध्ये त्या निर्माण्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या आणि हे काम अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेलं. जुनं मार्क मालिकेतलं .३२ हे इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर बेतलेलं. खटका दाबला की नळी पुढे वाकते, सिलिंडर उघडं पडतं आणि रिकामी काडतुसं एकदम वर येतात. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन पाचशे ग्रॅम. ‘प्रबल’ २०२३ मधलं, सिलिंडर बाजूला उघडणारं, वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलीमीटर. .२२ मध्ये ‘निडर’ आहे, अडीचशे ग्रॅमचं, खिशात विसरून जावं इतकं छोटं. मोठ्या पंजाच्या माणसासाठी त्याचा विचार मी करत नाही. एवढ्याशा वस्तूला नीट धरायलाच जागा नाही.

आता वजनाबद्दल. दुकानात सगळ्यांना हलकं आवडतं, कारण दुकानात कुणी गोळी झाडत नाही. तीच गोळी, तीच दारू सातशेऐवजी पाचशे ग्रॅमच्या शस्त्रातून सुटली की झटक्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे साधारण चाळीस टक्के. .३२ चा झटका मुळात सौम्यच आहे, त्यामुळे चाळीस टक्के वाढूनही हात काही मोडत नाही. पण नवखा माणूस दुसऱ्या गोळीपासून दचकायला लागतो. चाप ओढण्याआधीच मनगट खाली झुकवतो आणि गोळी निशाण्याच्या खाली जाते. मग तो म्हणतो, ‘साईट (नळीवरची नेम धरायची खूण) चुकीची आहे.’ साईट बरोबर असते.

वजनापेक्षाही मोठा प्रश्न चापाचा. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, आधी हातानं मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो. घोडा न ओढता सरळ चाप खेचला तर तेच बोट घोडा मागे नेतं, सिलिंडरही फिरवतं आणि मग घोडा सोडतं. या प्रकाराला जोर बराच जास्त लागतो. आपल्या रिव्हॉल्व्हरांत तो पाच किलोच्या घरात असतो, काहींत त्याहूनही वर. आता हिशेब करा: शस्त्राचं वजन अर्धा किलो आणि बोट खेचतंय पाच किलोनं. पकड पक्की नसेल तर शस्त्रच बोटाकडे वळणार, चाप राहील जागच्या जागी. अडचणीच्या वेळी घोडा हातानं ओढायला सवड मिळेल असं धरून चालू नका. तेव्हा निवड या जड ओढीवरच करायची.

म्हणून दुकानात परत जा आणि हे करून बघा. शस्त्र रिकामं आहे हे दुकानदार सांगेल, तरी तुम्ही स्वतः उघडून सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण मुठीच्या मागच्या पट्टीवर जाईल तितकी वर बसवा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. आता तर्जनी चापावर ठेवा. जड ओढीसाठी बोटाचं पहिलं पेर किंवा त्याच्या सांध्याची रेघ चापावर यायला हवी. नुसतं टोक पोचत असेल तर चाप तुमच्यासाठी लांब आहे. दुसरं पेर आत शिरत असेल तर चाप जवळ आहे आणि ओढताना बोट वाकडं होऊन शस्त्र बाजूला ढकललं जाईल. मग दुकानदाराच्या परवानगीनं, घरांत डमी काडतुसं घालून, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नेम धरून चाप सावकाश ओढा. पुढची साईट ठिपक्यावरून कितीशी हलते ते बघा. सलग काही वेळा ओढल्यावर बोट थरथरायला लागलं तर ते शस्त्र तुमचं नव्हे, मग त्याचा डबा कितीही देखणा असो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा पंजा मोठा असावा. अशा हाताला मी आधी सातशे ग्रॅमवालं किंवा ‘प्रबल’ धरून बघायला सांगेन. ‘निर्भीक’ वाईट आहे असं नाही. छोट्या हाताच्या आणि रोज अंगावर बाळगणाऱ्या माणसासाठी पाचशे ग्रॅमला अर्थ आहे. पण तुमचं शस्त्र बहुतेक वेळ पेढीवर राहणार असेल, तर दोनशे ग्रॅम वाचवून तुम्ही नेमकं काय मिळवणार हे एकदा स्वतःला विचारा.

घरात आजोबांचं जुनं वेब्ली आहे असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते .३२ चं असेल आणि कागद सरळ असतील तर नवीन घेण्याआधी ते एखाद्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवा. मुंबईच्या कितीतरी घरांत अशी शस्त्रं आहेत आणि त्यांतल्या काहींची घडाई आजच्या नव्या मालापेक्षा सरस आहे. बघायचं काय, तर नळी आणि चौकट (शस्त्राचा मूळ सांगाडा) दोन हातांत धरून हलवा. बिजागरीत आणि वरच्या खटक्यात खेळ असेल तर शस्त्र थकलंय. घोडा मागे ओढलेला असताना सिलिंडर बोटानं डावी-उजवीकडे हलवा. जरासं हलणं चालतं, खडखड नको. घोडा ओढलेला ठेवून त्याला मागून अंगठ्यानं पुढे रेटा, चाप न दाबता तो सुटला तर शस्त्र सरळ दुरुस्तीला टाका, वापरायचं नाही. नळीच्या मागच्या तोंडाशी शिशाचा थर आणि आत खड्डे असतात ते उजेडात दिसतात. जुनं शस्त्र दुसऱ्या लायसन्सधारकाकडून विकत घेणार असाल तर १९५९ च्या कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं प्रशासनाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. ‘आज पैसे द्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. वारसानं आलेल्या शस्त्रालाही तुमच्या लायसन्सवर नोंद लागतेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात हे लक्षात असू द्या.

शस्त्र घेतलं, आयुक्तालयात दाखवून नोंद झाली. आता मूठ? अजून नाही. आधी मूळ मुठीनंच गोळ्या झाडा.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. सभासदत्वाचे आणि स्वतःचं शस्त्र आणण्याचे नियम आधी विचारून घ्या आणि तिथल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली सुरुवात करा. काडतुसं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे रिव्हॉल्व्हरची, कडा असलेली. पिस्तुलाचं .३२ वेगळं. नावात बत्तीस आहे म्हणून दोन्ही एकच समजू नका आणि लहान काडतूस सिलिंडरमध्ये ‘बसतंय की’ म्हणून घालू नका. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची ते तुमच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं. त्यातली चांगली निम्मी सरावात जाऊ द्या. कपाटात ठेवलेली काडतुसं नेम शिकवत नाहीत.

रेंजवरून आल्यावर हाताकडे बघा. मूठ कुठली हवी हे दुकानदाराआधी तुमचा हात सांगेल.

मधल्या बोटाचं पेर सुजलंय का? म्हणजे चापाच्या भोवतीच्या कड्याचं बूड प्रत्येक झटक्याला त्यावर आपटतंय. कड्याच्या मागे आणि मुठीच्या पुढच्या बाजूला जी पोकळी असते ती भरून काढणारी मूठ किंवा छोटा अडॅप्टर हवा. आख्खी जाड मूठ नको. अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या मांसल भागात दुखतंय? मग मागची पोलादी पट्टी उघडी असल्यानं सगळा मार एका अरुंद रेषेवर येतोय. दर गोळीनंतर शस्त्र हातात फिरतंय आणि पकड पुन्हा जुळवावी लागतेय? मुठीच्या बाजू फार सपाट किंवा गुळगुळीत आहेत. आणि करंगळी, ज्यावरून तुम्ही सुरुवात केलीत, ती सहसा काहीच बिघडवत नाही. छोट्या रिव्हॉल्व्हरवर करंगळी मुठीखाली दुमडून ठेवायची, खालून आधार द्यायचा. जमायला थोडा वेळ लागतो. केवळ करंगळीसाठी मूठ लांबवणं म्हणजे लहान शस्त्र घेतल्याचा फायदा स्वतःच्या हातानं घालवणं. कपड्याखाली नळी लपते, ती खाली जाते. बाहेर फुगून दिसते ती मूठ.

या सगळ्यात एक फरक असा आहे जो दुकानात कुणी समजावत नाही आणि ज्यावर मुठीची निवड खरी ठरते. मुठी दोन जातीच्या. एकीत लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला स्क्रूनं बसतात आणि मागची पोलादी पट्टी उघडी राहते. आपल्या .३२ वर कारखान्यातून येते ती याच जातीची. दुसरी मागची पट्टीही झाकून टाकते. झटका ती जास्त पचवते, कारण तळहात आणि पोलाद यांच्यात गादी येते. पण तीच गादी तुमचा तळवा चापापासून मागे सरकवते. चार-पाच मिलीमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण बोटाचं पेर चापावर येणार की नुसतं टोक, हे तेवढ्यावरच ठरतं.

म्हणजे ज्याचा हात लहान आहे, ज्याला झटका जास्त जाणवतो आणि जो गादीवाली मूठ मागायला सगळ्यात आधी येतो, नेमकं त्यालाच ती नुकसान करते. झटका कमी वाटतो, आणि गोळ्या डावीकडे जायला लागतात, कारण बोटाच्या टोकानं पाच किलो ओढताना शस्त्र वळतं. अशा माणसाला मी उघड्या पाठीची पातळ मूठ देतो आणि वजनदार शस्त्र घ्यायला सांगतो. तुमच्यासारख्या मोठ्या पंजाला मात्र उलट. तुमची तर्जनी चापात दुसऱ्या पेरापर्यंत शिरत असेल, तर झाकलेल्या पाठीची मूठ तुमचं बोट बरोबर जागी आणील. त्यामुळे रबरी मुठीचा तुमचा विचार चूक असेलच असं नाही. दुकानात बोट कुठे पडतं ते पाहून मगच ठरवा एवढंच.

बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी मी टाळतो. त्या खाचा कुणातरी दुसऱ्याच्या बोटांच्या असतात.

रबर की लाकूड, यावर लोक तावातावानं भांडतात. मुंबईपुरतं माझं मत लाकडाकडे झुकतं, आणि त्याला कारण घाम. रबर घामातही घसरत नाही, हे खरं. पण तेच रबर पातळ सुती शर्टला चिकटतं. शर्ट मुठीवर अडकून बसतो, आकार उठून दिसतो, आणि शस्त्र काढताना कापडही बरोबर येतं. शिवाय तेलाचा हात सतत लागून हलक्या प्रतीचं रबर फुगतं आणि चिकट होतं. शस्त्र कायम पेढीच्या तिजोरीत राहणार असेल तर हा मुद्दा गळतो, मग रबर बिनधास्त घ्या. लाकडात अक्रोड किंवा शिसव. सागही चालतो, पण बारीक चौकड्यांची नक्षी त्यावर अक्रोडाइतकी टिकत नाही. नक्षी हवीच, पण बोथट, तळहात सोलणारी नको. चकचकीत पॉलिश केलेली मूठ शोकेसमध्ये देखणी दिसते, जूनमध्ये ओल्या हातात साबणासारखी निसटते.

जुन्या वेब्लीवर सांबराच्या शिंगाची किंवा हस्तिदंती मूठ असेल तर ती विकण्याच्या, बदलून घेण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे आडवा येतो, आणि ते प्रकरण शस्त्र कायद्याहून सोपं नाही. नवीन मूठ ‘शिंगाची’ म्हणून कुणी दाखवली तर कुठल्या जनावराचं शिंग ते विचारा आणि बिल मागा. बिलाचं नाव काढताच पुष्कळदा बोलणं संपतं.

आता तुमचा कायद्याचा प्रश्न. लायसन्सवर शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि नंबर लिहिलेला असतो. मुठीचं लाकूड त्यात येत नाही. मूठ बदलल्यानं बोअर, नळीची लांबी, यंत्रणा काहीच बदलत नाही. पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली, शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे, म्हणून ओळखीच्या सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे रिव्हॉल्व्हर नेऊन टाकायचं नाही. परवानाधारक दुकानातून काम करून घ्या, पावती घ्या आणि लायसन्ससोबत ठेवा. दुसरी, चौकटीवर कुठेही नंबर किंवा शिक्का असेल तो खरवडला जाता कामा नये. नंबर पुसलेलं शस्त्र बाळगणं हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. नंबर झाकून टाकणारी मूठही घेऊ नका, नाहीतर दर तपासणीला पोलिसांसमोर स्क्रू ड्रायव्हर काढावा लागेल. तिसरी, परदेशी संकेतस्थळावरून मागवणं विसरा. शस्त्राच्या सुट्या भागांची आयात हा परवान्याचा विषय आहे, पार्सल कस्टममध्ये अडकलं तर खुलासे देत बसाल. आणि इतकं करून ती बसणारही नाही. तिकडच्या मुठी तिकडच्या अमेरिकी चौकटींच्या मापाच्या असतात, कानपूरच्या चौकटीचा बाक आणि स्क्रूची जागा वेगळी.

इथे बसवून घेताना काय बघायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बिघाड इथेच होतात. वेब्ली घराण्याच्या शस्त्रांत घोड्याची मुख्य स्प्रिंग मुठीच्या आतच असते. नवीन पट्टीची आतली बाजू पुरेशी कोरलेली नसेल तर ती स्प्रिंगला घासते, घोडा पूर्ण जोरानं पडत नाही आणि काडतूस कधी उडतं, कधी नाही. माणूस काडतुसांना दोष देत बसतो. म्हणून मूठ बसल्यावर दुकानातच, रिकाम्या शस्त्रावर, चाप सावकाश शेवटपर्यंत ओढून सोडा, घोडा हातानं मागे नेऊन बघा, कुठेही अडखळता कामा नये. नळीचा खटका अंगठ्यानं उघडताना डाव्या पट्टीची वरची कड आड येतेय का? ‘प्रबल’सारख्या बाजूला उघडणाऱ्या शस्त्रात रिकामी काडतुसं बाहेर पडताना डाव्या पट्टीला अटकतात का? अटकत असतील तर तेवढं लाकूड काढावं लागतं. काढायचं ते लाकूडच. मूठ बसत नाही म्हणून चौकटीच्या पोलादावर कानस चालवणारा कारागीर दिसला की शस्त्र उचला आणि बाहेर पडा.

स्क्रू घट्ट म्हणजे बोटांच्या जोराइतका. पाना पिळल्यासारखा पिळला तर पितळेची बुशी आत रुतते आणि पट्टी तिथूनच तडकते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, त्याला केसाएवढी जागा ठेवलेली बरी. आतल्या बाजूलाही तेल किंवा मेण पाजलेलं असलं पाहिजे. बहुतेक कारागीर बाहेरून चमकवतात आणि आत कोरं ठेवतात, तेव्हा उघडून बघून घ्या.

त्यानंतर परत रेंज. पूर्ण सिलिंडर काही वेळा रिकामं करा, एकही काडतूस फुसकं जाता कामा नये. मूळ मूठ आणि तिचा स्क्रू घरी जपून ठेवा. नवी पटली नाही तर परत लावता येते, आणि पुढे विकताना जुन्या मुठीसकट शस्त्राला किंमत बरी येते.

मुंबईत मुठीखालचा गंज हा कायमचा त्रास. घाम पट्टीच्या कडेतून आत झिरपतो, खारी हवा आहेच, आणि वरून शस्त्र पुसून चकचकीत दिसत असताना आत पोलादावर तांबूस पूड जमलेली असते. चौमाशात दर दोन-तीन आठवड्यांनी पट्ट्या काढा, कोरड्या कापडानं पुसा, पोलादावर तेलाचा पातळ हात फिरवा आणि ते तेल लाकडाला पाजू नका. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा ड्रायव्हर घ्या, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधला नको. तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत राहा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र महिनोन्‌महिने ठेवून देण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही, चामडं ओल धरतं. निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर देण्याआधी पट्ट्या काढून, साफ करून, तेल लावूनच द्या आणि पावतीवर नंबर नीट वाचा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. तिथल्या कपाटात तुमचं रिव्हॉल्व्हर पुसायला कुणी बसलेलं नसतं.

बाळगण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी मुठीशी संबंध आहे म्हणून. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे. मूठ बदलली की होल्स्टरही तपासा. जाड मूठ कमरेपासून शस्त्र दूर ढकलते, आणि पट्टा वर आलेला असेल तर तीन बोटं मुठीभोवती पूर्ण जात नाहीत. होल्स्टरमध्ये असतानाच पकड पूर्ण बसली पाहिजे, बाहेर काढल्यावर जुळवायची म्हटलं तर उशीर झालेला असतो. चापाचं कडं पूर्ण झाकलेलं हवं. आणि संध्याकाळी मस्जिद बंदरहून लोकलला कमरेला रिव्हॉल्व्हर लावून चढायचा विचार असेल तर माझं मत विरोधात आहे. त्या गर्दीत तुमचा हात तुमच्याच कमरेपर्यंत पोचत नाही, दुसऱ्याचा मात्र पोचतो. माल न्यायचा असेल त्या दिवशी गाडी करा.

दुकानात पुन्हा जाऊन आलात की तर्जनीचं कुठलं पेर चापावर येतं, ‘निर्भीक’वर आणि सातशे ग्रॅमवाल्यावर वेगवेगळं, तेवढं कळवा. त्यावरून मूठ उघड्या पाठीची हवी की झाकलेल्या, हे सांगता येईल.